त्याची बोली, आपले कान

वाचन : मार्क ७:३१-३७ आणि मार्क १०:४६-५२



या रविवारच्या अभ्यासाची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीने करीत आहोत. चूक वेदीवरून, सर्वांसमोर झाली. तेव्हा तिची कबुलीही सर्वांसमोर द्यावी, हे योग्य.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळच्या आठच्या मिस्साला डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर एक नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर बसत असे. तो कानांवर हात दाबून धरी, मागेपुढे झुले आणि मधूनमधून एक लांबलचक आवाज काढी. एका रविवारी प्रवचन चालू असताना आम्ही थांबलो आणि माईकवरून म्हणालो, ज्यांची मुले शांत बसत नाहीत, त्यांनी कृपा करून व्हरांड्यात थांबावे. आम्ही नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. आई मुलाला घेऊन बाहेर गेली. त्यानंतर कितीतरी रविवार ती दोघे व्हरांड्यात, पावसाच्या झडीत उभी राहून मिस्सा ऐकत होती.

पुढे पहिल्या कम्युनियनच्या वर्गाची यादी झाली. ती माउली आमच्याकडे आली. आम्ही म्हणालो, "यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. त्याला प्रार्थना तरी म्हणता आल्या पाहिजेत ना!" ती "बरं, फादर" एवढेच म्हणाली आणि गेली.

काही महिन्यांनी धर्मशिक्षणाच्या एका बाईंनी त्या मुलाची चित्रांची वही आम्हांला आणून दाखवली. पानापानांवर आपल्या चर्चचे छत होते, खालून पाहिल्यावर दिसते तसे. बारा पंखे. अकरा पंखे नीटस, तीन-तीन पात्यांचे. बारावा मात्र प्रत्येक पानावर काळाकुट्ट, पेन इतके दाबून गिरवलेला की कागद फाटला होता. बाईंनी ओळी मोजल्या. तो पंखा डावीकडच्या तिसऱ्या बाकावरचा होता. त्या दुपारी आम्ही पंखा चालू करून त्याच बाकावर जाऊन बसलो. पंख्याने वेग घेतला आणि एक बारीक, धारदार किरकिर सुरू झाली. वेदीवर ती कधीच ऐकू येत नाही. वायरमनला बेअरिंग बदलायला अर्धा तास लागला.

तो मुलगा दर रविवारी आम्हांला काहीतरी सांगत होता. कानांवरच्या हातांनी सांगत होता, आवाजाने सांगत होता, आणि आम्ही ऐकत नाही हे पाहून चित्रांनी सांगत होता. ऐकायला कमी आम्ही पडलो.

हा मजकूर छापण्यापूर्वी आम्ही तो त्याच्या आईला वाचून दाखवला आणि वहीतील पंख्यांबद्दल लिहू का, असे मुलालाही विचारले. त्याने वही आमच्या हातात ठेवली. नाव मात्र लिहायचे नाही, असे आईने सांगितले आहे.

१. नावातच दडलेली समजूत

या मुलाला ऑटिझम आहे. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. मूळ शब्द ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून आला. १९४३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ही अवस्था जगासमोर आली. परंतु 'स्वतःत बुडालेला' हे वर्णन बाहेरून पाहणाऱ्याने केलेले आहे. आत काय चालले आहे, हे त्या मुलांना विचारून ते नाव पडलेले नाही.

याच बाहेरच्या नजरेतून पुढे एक मोठा अन्याय झाला. आईच्या मायेत ओलावा नसला की मूल असे होते, असे कित्येक वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांनी सांगितले. जगभरच्या मातांनी तो कलंक सोसला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना खोडून काढणारे पुस्तक लिहिले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणाची अवस्था आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, हे आज स्पष्ट झाले आहे. ती आईच्या वागण्याने होत नाही, लसीने होत नाही, कोणाच्या दृष्टीने किंवा शापाने होत नाही. आपल्या धर्मग्रामात अजूनही कोणी तसे कुजबुजत असेल, तर त्याने ते आजपासून थांबवावे.

या अवस्थेतील अनेकांना आवाज, प्रकाश, स्पर्श, वास हे आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र किंवा कधी फारच मंद जाणवतात. झुलणे, हात हलवणे, गुणगुणणे यांनी पुष्कळांना त्या भडिमारात तोल सांभाळता येतो. कोणी भरभर बोलतात, कोणी थोडे, कोणी मुळीच नाही. पण बोलता न येणे आणि सांगण्यासारखे काही नसणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

२. 'माझ्या भाषेत'

२००७ च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील मेल बॅग्ज या स्वमग्न व्यक्तीने स्वतः तयार केलेली एक चित्रफीत लोकांसमोर ठेवली. 'माझ्या भाषेत' असे तिचे नाव. लांबी जेमतेम साडेआठ मिनिटे. पहिल्या भागात एकही शब्द नाही. बॅग्ज खिडकीसमोर झुलतात, हात हलवतात, एकाच सुरात गुणगुणतात. वस्तूवर वस्तू घासून नाद काढतात, पुस्तकाच्या पानांत चेहरा खुपसतात, नळाच्या धारेखाली बोटे फिरवीत राहतात. पाहणाऱ्याला वाटते, ही व्यक्ती तिच्याच जगात हरवली आहे.

मग पडद्यावर 'भाषांतर' असा शब्द येतो. बॅग्ज यांनी टंकलेले शब्द संगणकाच्या यंत्रआवाजात ऐकू येऊ लागतात आणि पाहणारा खजील होतो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : तुम्ही आता पाहिलेत ते कशाचे चिन्ह नव्हते, कोडे नव्हते. मी पाण्याशी बोलत होते तसे पाणीही मला उत्तर देत होते. भोवतालच्या प्रत्येक वस्तूशी माझा संवाद चालू होता. तरी लोक म्हणतात, मी माझ्याच जगात बंद आहे. मी तुमची भाषा टंकू लागले की मगच तुम्ही म्हणता, आता ही संवाद करू लागली. मला तुमची भाषा येत नाही, ही माझी उणीव ठरते. तुम्हांला माझी येत नाही, ही मात्र कोणाचीच उणीव ठरत नाही!

बॅग्ज लहानपणी बोलत असत, पुढे बोलणे सुटत गेले. त्यावरून काहींनी त्यांच्यावर शंकाही घेतली. पण वाचा एकदा आली की ती कायमची हाताशी राहील, हा आपला नियम आहे, तो सर्वांना लागू पडत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी बॅग्ज यांचे निधन झाले. चित्रफीत मागे राहिली आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आजीआजोबांना हा अनुभव नवा नाही. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल शाळेत गेले की वर्ग हसायचा. मूल गप्प व्हायचे आणि ते 'मठ्ठ' ठरायचे. त्या मुलाजवळ भाषा नव्हती काय? होती. वर्गाजवळ ती ऐकणारे कान नव्हते.

३. शोक कोणासाठी?

बॅग्ज यांच्या आधीही स्वमग्न माणसे स्वतःची बाजू स्वतः मांडू लागली होती. १९९२ मध्ये अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वमग्न व्यक्तींनीच चालवलेली एक संघटना उभी केली. तिच्या पत्रिकेचे नावच 'आमचा आवाज' असे होते. १९९३ मध्ये टोरांटो येथील परिषदेत सिंक्लेअर पालकांशी बोलले. ते भाषण पुढे 'आमच्यासाठी शोक करू नका' या लेखाच्या रूपाने सर्वत्र पोहोचले.

त्या लेखाचा मुद्दा कठोर वाटतो, पण त्यात करुणा आहे. सिंक्लेअर पालकांना सांगतात : तुमचे दुःख खरे आहे. ते दुःख तुम्ही मनात रंगवलेल्या आणि कधी न आलेल्या मुलासाठी आहे. त्या मुलासाठी अवश्य रडा. पण समोर उभे असलेले, जिवंत मूल तुमची वाट पाहत आहे. तुमच्या रडण्यात त्याला असे ऐकू येऊ देऊ नका की ते या घरात नको होते.

बंधुभगिनींनो, आपण अशा घरी भेट द्यायला जातो तेव्हा काय बोलतो? "देवाने तुम्हांला क्रूस दिला आहे." आम्हीही हे म्हटले आहे. म्हणताना मूल शेजारीच बसलेले होते. बोलता न येणाऱ्या कितीतरी मुलांना ऐकू येते आणि कळतेही, हे आम्ही विसरलो. थकवा, खर्च, अपुरी झोप, लोकांच्या नजरा हा क्रूस असू शकतो. मूल क्रूस नव्हे. मूल हे देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेले मूल आहे.

२००६ मध्ये अमेरिकेत स्वमग्न व्यक्तींची आणखी एक संस्था स्थापन झाली. 'आमच्याविषयी काहीही ठरवायचे तर आमच्याशिवाय नाही' हे अपंगांच्या चळवळीचे सूत्र तिनेही स्वीकारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, आणि भारताच्या २०१६ च्या कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचाही समावेश आहे. कागदावर हक्क आला आहे. बाकावर जागा द्यायची आहे, ती आपल्याला.

४. शब्द आणि बुद्धी

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. ॲरिस्टॉटल म्हणतो, सर्व प्राण्यांत 'लोगोस' फक्त मनुष्याजवळ आहे. ग्रीक भाषेत 'लोगोस' म्हणजे शब्द आणि 'लोगोस' म्हणजे बुद्धीही. एकाच शब्दात दोन अर्थ नांदत असल्यामुळे एक घसरण सोपी झाली : ज्याला शब्द नाही त्याला बुद्धी नाही, आणि ज्याला बुद्धी नाही तो पूर्ण माणूस नाही. ही घसरण आम्ही परीक्षेत अचूक दाखवून दिली असती. माईक हातात असताना मात्र त्याच उतारावरून घसरलो.

योहानाच्या शुभवर्तमानात तोच 'लोगोस' देही होतो. आणि तो कोणत्या रूपात येतो? तान्ह्या बाळाच्या. बाळासाठी लॅटिनमध्ये 'इन्फान्स' असा शब्द आहे. त्याचा अर्थच 'न बोलणारा'. देवाचा शब्द गोठ्यात न बोलणारा होऊन आला. मेंढपाळांनी त्याच्याकडून प्रार्थना म्हणून घेतली नाही. त्यांनी गुडघे टेकले.

आपल्या जुन्या पिढीचेही स्मरण करू या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आमच्या आजीसारख्या कितीतरी बायाबापड्यांना त्यातील शब्दन् शब्द परका होता. त्या रोझरीचे मणी ओढीत, घंटा वाजली की मान लववीत. त्यांच्याजवळ श्रद्धा नव्हती असे कोणी म्हणेल काय?

५. प्रभू कसे ऐकतात?

आता आजची दोन वाचने घरी उघडून पाहा.

पहिल्या वाचनात लोक एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला येशूकडे आणतात. प्रभू सर्वप्रथम काय करतात? त्याला गर्दीपासून बाजूला, एकांतात नेतात. त्या गोंगाटात ते उभेही राहत नाहीत. मग त्याच्या कानांत बोटे घालतात, जिभेला स्पर्श करतात, आकाशाकडे पाहून उसासा टाकतात. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलतात. 'एफ्फाथा' हा शब्द नंतर येतो. आपण हा शब्द नेहमी त्या माणसाच्या कानांसाठी मानतो. या वेळी तो आपल्या कानांसाठी ऐकू या.

दुसऱ्या वाचनात यरीहोच्या वाटेवर बार्तीमय ओरडतो आहे. लोक त्याला दटावतात : गप्प बस. हे लोक दुष्ट नाहीत. ते येशूच्या मागे चालणारे, भक्त लोक आहेत. आमच्यासारखेच त्यांनाही प्रवचनात व्यत्यय नको होता. प्रभू थांबतात आणि त्याला बोलावतात. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसते आहे. तरीही प्रभू त्यालाच विचारतात, तुझ्यासाठी मी काय करावे? ते शिष्यांना विचारीत नाहीत, स्वतः गृहीत धरीत नाहीत. विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात.

आजच्या धड्याचे सार एवढेच आहे. एखाद्यासाठी बोलण्यापूर्वी तो कोणत्या भाषेत आधीच बोलतो आहे, ते शोधावे. मग त्याला विचारावे, आणि थांबावे.

६. दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली. लंडनचे चित्रकार स्टीफन विल्टशायर लहानपणी बोलत नसत, चित्रे मात्र काढीत. त्यांनी मागून घ्यावे म्हणून शिक्षकांनी चित्रांचे साहित्य काढून घेतले, तेव्हा त्यांच्या तोंडून 'कागद' हा शब्द आला. पुढे शहरावरून हेलिकॉप्टरने एक फेरी मारून ते संपूर्ण देखावा आठवणीने रेखाटू लागले. २००६ मध्ये त्यांना ब्रिटनचा राजसन्मान मिळाला. अशा गोष्टी ऐकून आपल्याला चमत्काराची चटक लागते. "तुमच्या मुलात काय खास आहे?" असे आपण आईला विचारतो. प्रत्येक स्वमग्न मूल कलावंत नसते. कोणी ठोकळे ओळीत मांडते, कोणी एकच सूर दिवसभर गुणगुणते. ते प्रदर्शनात लागणार नाही. तरीही ते त्याचे सांगणे आहे. चित्राने आपल्याला पंखा दाखवला. चित्र सुंदर होते म्हणून पंखा दुरुस्त केला नाही.

दुसरी. पालकांच्या व्याकुळतेचा गैरफायदाही घेतला जातो. मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे टंकून घेण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात फार गाजली. तिची नीट तपासणी झाली तेव्हा आढळले की शब्द मुलाचे नव्हते, हात धरणाऱ्याचे होते, बहुधा त्याच्याही नकळत. तेव्हा चित्रे, चित्रकार्डे, खुणा, संगणक यांपैकी मुलाला जे स्वतःहून वापरता येते ते आनंदाने द्यावे, वाचातज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पण आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत. गप्प करणे हा जसा अन्याय, तसाच हाही.

७. आपल्या धर्मग्रामात

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमधील परिषदेच्या वेळी स्वमग्न व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली आणि त्यांच्याभोवतीचा एकाकीपणा व कलंक मोडण्यासाठी सर्वांनी पुढे यावे, असे आवाहन केले. आपण आपल्यापुरते काय करणार?

मिस्साच्या वेळी एखादे मूल आवाज करू लागले तर आपण मागे वळून पाहणार नाही. आम्हीही प्रवचन थांबवणार नाही. गोंगाट असह्य झाला तर थोडा वेळ बसता यावे म्हणून संस्कारगृहाशेजारची लहान खोली उघडी राहील. ती घालवून देण्याची जागा नाही. तिथून वेदी दिसते आणि परत येण्याचे दार उघडे असते. सणाच्या दिवशी बँड आणि फटाके यांची वेळ आदल्या रविवारी जाहीर केली जाईल.

आणि पहिली कम्युनियन. १९१० मध्ये संत पोप दहावे पायस यांनी ठरवून दिले की मुलाला ख्रिस्तप्रसाद आणि साधी भाकर यांतील फरक ओळखता आला पाहिजे. आजचा धर्मसभेचा कायदा, कलम ९१३, मुलाने आपल्या कुवतीप्रमाणे ख्रिस्ताचे रहस्य जाणावे असे सांगतो. पाठांतर किती झाले, असे तिथे विचारलेले नाही. आम्ही हे कलम शिकलो होतो. तरी त्या माउलीला परत पाठवले. तिने आम्हांला नंतर सांगितले की होस्ती वर उचलली जाते तेव्हा तो झुलायचा थांबतो, दर वेळी. आम्ही तेव्हा होस्तीकडे पाहत असतो. त्याच्याकडे पाहणारी फक्त त्याची आई होती.

यंदाच्या यादीत त्याचे नाव आहे. बाई त्याला चित्रकार्डांवरून शिकवतात. चव आणि स्पर्श सवयीचा व्हावा म्हणून मिस्सात न वापरलेली साधी होस्ती देऊन सराव चालू आहे. पहिल्या दोनदा त्याने ती थुंकली, तिसऱ्यांदा जिभेवर ठेवून बसून राहिला. तो अजूनही मिस्सात आवाज काढतो. पंखा दुरुस्त झाला म्हणून तो बदलून गेलेला नाही आणि तसे व्हावे अशी आमची अपेक्षाही नाही. त्या दिवशी तो रांगेत येईल की बाकावरच बसून राहील, हे आज सांगता येत नाही. बाकावर बसला आणि हात पुढे केला, तर आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन तिथे जाऊ. नाही केला, तर थांबू.

घरी व लघु ख्रिस्ती समूहात विचारासाठी :

१. आपल्या घरात किंवा आळीत कमी बोलणारी व्यक्ती कोण आहे? ती काय सांगते, कशाने सांगते, हे आपण कधी शोधले काय?
२. बार्तीमयाला गप्प करणाऱ्या गर्दीत आपण कधी होतो? आता कोणाची क्षमा मागायची आहे?
३. एखाद्याच्या भल्यासाठी आपण त्याला न विचारता काय ठरवले आहे?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू गर्दीत थांबलास आणि एका माणसाचा आवाज ऐकलास. आमच्या कानांना स्पर्श कर. ज्यांना आम्ही दाराबाहेर उभे केले, त्यांची क्षमा मागण्याची नम्रता आम्हांला दे. जे हातांनी, सुरांनी, रंगांनी तुझ्याशी बोलतात, त्यांची प्रार्थना तू ऐकतोसच. ती आम्हांलाही ऐकू येऊ दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू